तेरा सुतांचा बाक

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर
रविवार, ता. ५ जानेवारी २०२५

चि. भूमिकाला अज्जाचा आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसलोय. फार उशीर झाला, माफ कर. डोळ्यांचं कारण सांगणार होतो, पण मी रोज सगळा पेपर वाचतो हे तुझी अज्जी तुला फोनवर सांगेलच. तेव्हा कारण काही नाही. लिहायला बसायचो आणि उठायचो.

इकडे आम्ही दोघं ठीक. अज्जीचे गुडघे थंडीनं धरतात. उद्यमनगरातलं दुकान कृष्णात बघतो, मी नुसता खुर्चीवर बसून त्याला सूचना करतो आणि तो ऐकत नाही. तीस वर्षं माझ्या हाताखाली वेल्डिंग केलंय त्यानं, आता मलाच शिकवतो. तुझी आई परवा येऊन गेली. तुझं जेवण नीट होत नाही म्हणत होती. आणि तुझ्या चेन्नईच्या हॉस्टेलच्या खोलीतला पंखा हलतो असं तू दिवाळीत म्हणाली होतीस, तो दुरुस्त केला का त्यांनी? केला नसेल तर खाट सरकव. त्याच्याखाली झोपू नकोस. एवढं माझं ऐक.

तू पत्रात एकच गोष्ट विचारली होतीस. वडगावकडच्या त्या शाळेच्या टाकीच्या स्टँडचे पाय किती सरळ आहेत, दोरी लावून मोजा आणि कळवा, तोपर्यंत टाकी भरू देऊ नका. फोनवरही तू हेच विचारलं होतंस. मी "सरळ आहेत" म्हणालो होतो. अज्जीनं फोन स्पीकरवर ठेवला होता, शेजारचे दोघे चहाला बसले होते, आणि मला कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी मला ऐकू आलं होतं.

स्टँड नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उभा झाला. आकाशी रंग दिलाय. शाळेच्या कमिटीचे चेअरमन विश्वजितरावांनी स्वतः रंग निवडला. रस्त्यावरून बघितलं तर चारही पाय रेघेसारखे दिसतात. जाणारे-येणारे थांबून बघतात. विश्वजितराव म्हणाले, "बघा, मी म्हणलं न्हवतं? माझ्या बंगल्याचं गेट ज्यानं केलं त्यो मानूस टाकीचा स्टँड बी देखणाच करणार."

तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी गेटं केली. गेटं, ग्रिलं, जिन्याचे कठडे. टाकीचा स्टँड हा पहिलाच. म्हणून तर दिवाळीत तू आलीस तेव्हा मी तो कागद तुझ्यापुढं ठेवला होता. तीन इंची पाईपचे चार पाय, अठरा फूट उंची, वर पाच हजार लिटर. दोन बाजूंना तिरक्या पट्ट्या, दोन बाजू मोकळ्या, कारण मुलं खालून नळांकडे जाणार. तू ते सगळं तुझ्या कॉम्प्युटरात घातलंस आणि पडद्यावर स्टँड उभा राहिला. मग त्याचे पाय वाकले, लाल-निळे झाले, आणि मी घाबरून उठलो. तू हसलीस. "अज्जा, हे मुद्दाम मोठं करून दाखवलंय. भार तिप्पट झाला तर असं होईल." तिप्पट म्हटल्यावर मी खाली बसलो. मग तू कागदावर लिहून सही करून दिलीस, कारण विश्वजितरावांना कमिटीपुढं ठेवायला कागद हवा होता. त्याच कागदावर खाली तू बारीक अक्षरात लिहिलं होतंस की पाय सरळ धरून हा हिशेब केला आहे. ती ओळ कमिटीत कुणी वाचली नाही. मी वाचली होती.

आता एक सांगतो. पाईप नवे नाहीत. कारखान्याच्या भंगारातले आहेत. जुनं लोखंड जाड असतं, आताच्या पाईपसारखं पापड नसतं, म्हणून मीच निवडून आणले. त्यात काही चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही.

दुसरं विचारायचं होतं. माझं काम नव्हे, इचलकरंजीकडच्या एका ओळखीच्या माणसाचं आहे. त्याच्या स्टँडचे पाय मध्ये इंचभर बाहेर आलेत. असं असलं तर काही बिघडतं का? तो भला माणूस आहे, काळजीत आहे. तुला वेळ असेल तर लिही.

थंडी-पाण्याची जपून राहा. कळव.

तुझा
अज्जा


कोल्हापूर
मंगळवार, ता. १४ जानेवारी २०२५

चि. भूमिका,

आज संक्रांत. अज्जीनं तिळाच्या वड्या केल्यात, पाकिटात घालायच्या म्हणून हट्ट करत होती. मी म्हटलं, हे पाकीट कुरियरच्या माणसाच्या टेबलावर उघडून बघतात, वड्या तोच खाईल. पुढच्या वेळी पाठवतो.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. "शरणू अज्जा. इचलकरंजीचा माणूस कोण ते मला कळलं." एवढं वाचून पत्र खाली ठेवलं आणि चहा घेतला. मग पुढचं वाचलं.

तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस ते मला समजलं तसं परत लिहितो, चुकलो तर सांग. हिशेब दोन आहेत. पहिल्यात कॉम्प्युटर पाय अगदी सरळ धरतो आणि कुठल्या भाराला तो दगा देईल तेवढा आकडा सांगतो. दिवाळीत केलास तो हा. दुसऱ्यात पाय जसा खरोखर आहे तसा, त्याच्या बाकासकट घालायचा, आणि भार थोडा थोडा वाढवत प्रत्येक पायरीला पाय किती बाजूला सरकला ते बघायचं. पहिल्या हिशेबात तीनपट दिसतं ते दुसऱ्यात टिकेलच असं नाही, कारण आधीच बाक असलेला पाय भार आला की आणखी वाकतो, आणि आणखी वाकला की तोच भार त्याला जास्त जड होतो. हे मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. कारण हे मी पाहिलेलं आहे.

ते नंतर लिहितो. आधी मोजणी.

परवा रविवारी शाळा बंद होती. कृष्णातला घेऊन गेलो. शिडी लावून वर आणि खाली दोरी बांधली, मधे पट्टी धरली. प्रत्येक पायाला दोन्ही बाजूंनी. समोरून बघितलं तर दोरी आणि पाईप एक. सूतभर फरक नाही. आडव्या बाजूनं, म्हणजे शाळेच्या भिंतीकडून, तिथं कुणी उभं राहत नाही त्या बाजूनं, पहिल्या पायाला नऊ सूत, दुसऱ्याला अकरा, तिसऱ्याला तेरा, चौथ्याला बारा. आठ सुतांचा एक इंच होतो हे तुला माहीत आहे.

कृष्णात शिडीवरून खाली बघत राहिला. म्हणाला, "मिस्त्री, हे आपोआप न्हाय झाल्यालं."

मी शिडी धरून ठेवली.

"चारी एकाच तोंडाला? चारी? येक बाक हिकडं, येक तिकडं असतं तर म्हणलो असतो नशीब. ही कुणाची करणी हाय?"

"खाली उतर आधी," मी म्हटलं.

"मी त्या दिवशी मामाच्या नातवाच्या बारशाला गेलतो. तुमीच उभं केलासा पाय. दोन पोरं घिऊन."

"होय. मीच."

"मग ह्यो गेटाचा पाय हाय व्हय, मिस्त्री?"

भूमिका, हेच मी तुला सहा आठवडे लिहू शकत नव्हतो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गेटाची पट्टी किंवा खांब थोडा वाकडा निघाला तर टाकून द्यायचा नाही. बाकाचं तोंड मागं फिरवायचं. लोक समोरून बघतात. समोरून बघणाऱ्याला बाक त्याच्याकडं किंवा त्याच्यापासून दूर गेलेला असतो, तो दिसत नाही, खांब सरळ दिसतो. माझ्या उस्तादानं मला शिकवलं, मी कृष्णातला शिकवलं. कोल्हापुरातल्या निम्म्या बंगल्यांच्या गेटात असे खांब आहेत आणि ती तीस-तीस वर्षं उभी आहेत, कारण गेटाच्या डोक्यावर काही नसतं.

ते पाईप भंगाराच्या ढिगाखाली दबून वाकलेले होते. ज्योत लावून सरळ करायला घेतले. पूर्वी मी एक डोळा झाकून नजरेनं सरळ करायचो, सुताचाही फरक राहत नव्हता. आता डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन मी पुढं ढकलतोय, हे अज्जीला माहीत नाही. विश्वजितरावांची घाई होती. दोन दिवसांत जेवढे झाले तेवढे सरळ केले, उरलेला बाक मागं फिरवला. चारही पायांचा. हातानं सवयीनं फिरवला असं आधी लिहिणार होतो. सवयीनं नव्हे. बघून, ठरवून फिरवला, रस्त्यावरून चांगलं दिसावं म्हणून.

आणि मागं-पुढं झुकू न देणाऱ्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना लागतात, त्याच दोन बाजू मोकळ्या आहेत. समोरच्या आणि मागच्या पट्ट्या डावी-उजवीकडं झुकू देत नाहीत, मागं-पुढं कुणी धरत नाही.

मग मला तुझ्या पडद्यावरचं ते चित्र आठवलं. लाल-निळं. त्यात चारही पाय एकाच बाजूला, मागं झुकलेले होते. तू म्हणाली होतीस, "हा स्टँड जायचाच झाला तर सगळ्यात आधी असा जाईल." ते चित्र बघून महिना व्हायच्या आत मी माझ्या हातानं चारही पायांना तीच दिशा दिली.

मी पाहिलेलं म्हटलं ते लिहितो. एकोणऐंशी साली एका कारखान्याच्या कामावर होतो. मोठं पिंप वर चढवायचं होतं, त्याला खालून पाईपचा टेकू दिला होता. टेकू लांब होता, किंचित वाकडा होता, पण सगळे म्हणाले चालतंय. लाकूड मोडायचं असलं की आधी करकरतं, माणसाला पळायला सांगतं. तो पाईप करकरला नाही. उभा होता, उभा होता, आणि एका क्षणात बाजूला निघून गेला. आवाजही मागाहून आला. माझ्याबरोबरचा केरबा त्याखाली होता. पुढचं लिहीत नाही.

आकडे घाल आणि दुसरा हिशेब कर. मी शाळेत कुणाला बोललेलो नाही. कृष्णातलाही बोलू नको म्हटलंय. तो म्हणाला, "मी न्हाय बोलत. पण मला तितनं पाणी प्यायला नगा सांगू."

काम टाकून हे करायला लागतंय तुला. लवकर कळव.

अज्जा

ता. क. पंख्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस.


कोल्हापूर
मंगळवार, ता. २१ जानेवारी २०२५, सकाळी

चि. भूमिका,

काल तुझं पत्र आणि हिशेबाचा कागद मिळाला. तू लिहिलंस, "पाच हजार लिटरला स्टँड उभा राहील. बाक बराच आहे, पाईप जुने आहेत, म्हणून मोकळ्या बाजूंना पट्ट्या मारून घ्या, पण लगेच घाबरायचं कारण नाही. अज्जा, झोपा आता."

अज्जीला वाचून दाखवलं. तिनं बसवण्णांपुढं दिवा लावला. मी बाहेर येऊन बसलो, आणि ती मागून आली. "का? आता काय झालं?" मी म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "पन्नास वर्षं तुमचं हे 'काही नाही' ऐकतेय मी."

भूमिका, टाकी पाच हजाराची नाही.

डिसेंबरात शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, तो पुण्यात असतो, टाकी भेट दिली. दहा हजार लिटरची. विश्वजितराव मला फोनवर म्हणाले, "रुद्राप्पा, फुकट आलीया, मोठी आलीया. बसंल न्हवं?" मी कागद काढला. तुझा आकडा तीन. टाकी दुप्पट म्हणजे तिनाचं निम्मं, दीड. दीड म्हणजे टाकी पूर्ण भरून वर आणखी निम्मी भरायची ताकद उरते. मी सातवीपर्यंत शिकलोय, एवढा भागाकार मला येतो. मी म्हटलं, बसेल. दीडपट म्हणजे पास.

तुझं कालचं पत्र येईपर्यंत मी हा भागाकार बरोबर धरून चाललो होतो, म्हणून टाकीचं तुला लिहिलं नव्हतं. आता कळतं की तो सरळ पायांचा दीड होता. माझे पाय सरळ नाहीत. तुझ्या कागदावर पाच हजाराला तिसरा पाय वरच्या बाजूनं किती सरकतो ते लिहिलंय. दहाला किती सरकेल ते दुप्पट करून काढायला बसलो होतो. मग पेन ठेवलं. दुप्पट होणार नाही. जास्त होईल. किती जास्त ते मला काढता येत नाही, तूच काढू शकतेस.

टाकी आठ डिसेंबरला वर चढवली. अजून कधी पूर्ण भरलेली नाही, कारण बोअरचा पंप बिघडला होता. चार बोटं पाणी आहे तळाशी. पंप काल दुरुस्त झाला. रविवारी सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं की टाकीचं उद्घाटन, पुण्याचे पाहुणे येणार, आणि शनिवारी सकाळपासून टाकी काठोकाठ भरायची आहे. मुलं साडेतीनशे आहेत. मैदानात त्यांच्या रांगा स्टँडसमोर लागतात. आणि नळ स्टँडच्या खाली आहेत.

काल दुपारी विश्वजितरावांच्या घरी गेलो. त्यांच्या गेटातून आत गेलो. माझंच गेट. मी सगळं सांगितलं. भंगाराचे पाईप, बाक, मागं फिरवलेलं तोंड, सगळं. उभ्यानंच सांगितलं, बसा म्हणाले तरी बसलो नाही. ते हसले.

"रुद्राप्पा, वय झालं तुमचं. मोतीबिंदू मला झालाय का तुम्हाला? मी रोज बघतोय, पाय सरळसोट हाईत."

"समोरनं बघता म्हणून, साहेब. भिंतीकडनं बघा."

"भिंतीकडनं कोण बघतंय? पावणं काय भिंतीकडनं येणार हाईत व्हय?"

मग त्यांनी कपाटातून फाईल काढली आणि तुझा दिवाळीचा कागद माझ्यापुढं धरला. "ही कुणाची सही? तुमच्या नातीची. चेन्नईत इंजनेरी शिकतीया, कॉम्प्युटरनं काढलंया, तिप्पट. आता कॉम्प्युटर खोटा आणि तुमची दोरी खरी?"

"त्या कागदात पाय सरळ धरलेत. टाकी पाच हजाराची धरलीय."

"मग तिनं दुसरा कागद द्यावा की. तुमच्या भीतीवर मी पावण्यांस्नी न्हाय सांगणार टाकी रिकामी हाय म्हणून."

मी म्हटलं, निदान मोकळ्या बाजूंना पट्ट्या मारू द्या, कृष्णात आजच येतो. ते म्हणाले, सव्वीस झाल्यावर मारा. आता आकाशी रंगावर वेल्डिंगचे डाग नकोत, आणि नळाकडं जायची वाट बंद व्हायला नको.

चाळीस वर्षं मी या माणसांना समोरून चांगलं दिसेल असं करून दिलं. आता मागून बघा म्हटल्यावर कोण बघणार?

तिथून शाळेत गेलो. मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम आहेत. त्या आल्या, माझ्याबरोबर भिंतीकडं गेल्या, तिथं उकिरड्यात उभ्या राहिल्या आणि पाय बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाल्या, "मामा, मी इतिहास शिकवते. पण हे मलाही दिसतंय." त्या म्हणाल्या की मुलांच्या रांगा त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावतील, तेवढं त्यांच्या हातात आहे. "पण पोरं पाणी प्यायला खालीच जाणार, त्यांना मी दिवसभर कशी अडवू? मला कागद द्या. तुमच्या नातीचा. शनिवारी सकाळी आठच्या आत माझ्या हातात कागद असला तर मी पंपाच्या खोलीला कुलूप लावते आणि चेअरमनना तोंड देते. नुसत्या शब्दावर मला ते जमणार नाही."

तेव्हा हे पत्र त्यासाठी आहे.

आज दुपारी तुला फोन करीन आणि फक्त पाकीट येतंय एवढं सांगेन. फोनवर मी दुसरं काही बोलणार नाही. फोनवर माझ्या तोंडातून सगळं ठीक आहे असंच निघतं, आणि अज्जी ऐकत असते.

सोबत मी एक वेगळा कागद लिहून सही करून जोडलाय. त्यात लिहिलंय की पाईप जुने होते, बाक मी जाणूनबुजून मागं फिरवला, दुप्पट टाकी मी चालेल म्हणून सांगितली, आणि माझ्या नातीला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या चार प्रती काढल्यात. एक कृष्णातकडं आहे. तो वाचून म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यावर माझी बी सही घ्या. ही रीत तुमी मला शिकवलासा, आन् मी आनी धा जणांना." मी म्हटलं तू त्या दिवशी नव्हतास. तरीही त्यानं केली.

मला जे रात्रंदिवस खातंय ते टाकीचं आहेच, पण त्याहून जास्त तुझ्या सहीचं. तो स्टँड गेला तर फाईलमध्ये तुझा कागद निघेल. तू सही केलीस ती सरळ पायांवर, पाच हजारावर, आणि माझ्या शब्दावर. त्यातलं एकही खरं नव्हतं. तुझं शिक्षण कशाचं आहे हे मला दिवाळीत पहिल्यांदा कळलं होतं. लोखंड खोटं कधी बोलतं ते तू आधी शोधतेस. तुला माणूस खोटं बोलला.

आता मी काय मागतोय ते नीट लिहितो. दहा हजार घाल. आकडे तेच, नऊ, अकरा, तेरा, बारा, सगळे मागच्या बाजूला. पाईप आतून गंजलेले आहेत, जाडी मी धरली त्यापेक्षा थोडी कमी धर. मग भार पायरी-पायरीनं वाढव. टाकी किती भरली की तो पाय जातो ते काढ. अर्धी भरून चालत असेल तर तसं लिही. पट्ट्या मारून चालत असेल तर कुठं आणि कसल्या ते लिही, कृष्णात एका दिवसात मारतो, विश्वजितरावांचा रंग गेला तर गेला. आणि अजिबात चालत नसेल तर तेही लिही. खाली सही कर. दिवाळीचा कागद रद्द असं ठळक लिही. बारीक अक्षरात काही लिहू नकोस, इथं बारीक कुणी वाचत नाही.

कागदाचा फोटो वर्षाराणी मॅडमच्या फोनवर पाठव, नंबर पाकिटावर मागं लिहिलाय. आणि मूळ कागद कुरियरनं.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत काही आलं नाही, तर शनिवारी सहा वाजता मी आणि कृष्णात गॅसकटर घेऊन शाळेत जाणार आणि टाकीला जाणारा पाण्याचा पाईप कापणार. पोलीस आले तर आले. अज्जीला सांगितलंय. ती म्हणाली, "कापा. पण शिडीवर तुम्ही नका चढू, कृष्णातला चढवा." पण मला कापून गप्प बसायचं नाही. कापलेला पाईप ते दुपारपर्यंत जोडतील. कागद लागणारच.

मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. झोपा असं लिहू नकोस. शरणू, खुशाली, अज्जीची तब्येत, हे सगळं राहू दे. पहिल्याच ओळीत आकडा लिही, आणि भरू नका की भरा ते लिही. बाकीचं मी जगलो तर सावकाश वाचेन.

मनातून मला अजून वाटतं की तू भरा म्हणशील. ते ऐकायला मिळावं म्हणूनच मी तुला खोटं बोललो होतो, आता खरं असेल तेच लिही.

लवकर कळव. शनिवारी आठच्या आत कळव.

वाट बघणारा
रुद्राप्पा